घंगाळातलं वैकुंठ

सकाळचे नऊ वाजायचे होते, पण कापसाच्या जिनिंगच्या गोदामापुढची रांग रस्त्यावरच्या लिंबापर्यंत गेली होती. चैत्र संपत आलेला. छपराचे पत्रे तापून तडतड वाजत होते. बायका पदर कपाळावर ओढून उभ्या होत्या, पुरुष उपरण्यानं वारा घेत होते, आणि प्रत्येकाच्या हातात नारळ होता. आतून मधूनच किंकाळी यायची, "दिसला व माय! माहा बाप दिसला!" ती ऐकली की रांग दोन पावलं पुढे सरकायची. आतला स्वर्ग दुपारपर्यंत संपून जाईल की काय, अशी सगळ्यांना घाई.

दारात आकाशबुवांचा चेला कारभारी घसा फोडून ओरडत होता.

"मान खाली, मन वर! पाण्यात पाहा, आभाळात पाहू नका! जित्या माणसानं वैकुंठ उघड्या डोळ्यानं पाह्यलं तर डोळे जातात, आधीच सांगून ठेवतो! मागून बोंबलायचं नाही!"

या रांगेत आशा उभी होती, आणि आपण इथे उभ्या आहोत याची तिला लाज वाटत होती. अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली बाई. नवरा पंजाबराव अकोल्याला शेतकी खात्यात. उन्हाळ्यापुरती ती सासरी आली होती, कडेवर साडेतीन वर्षांची नंदा. रात्रभर उकाड्यानं पोर झोपली नव्हती, म्हणजे आशाही झोपली नव्हती. पण ती आली होती ती स्वतःसाठी नाही. पुढे तिच्या जाऊबाई, शालूबाई, उभ्या होत्या, सात महिन्यांच्या रघूला छातीशी धरून. आणि त्यांच्याही पुढे सासूबाई, सोजराबाई.

शालूबाईंची इंदी गेल्या चैत्रात तापानं गेली. दोन वर्षांची होती. तेव्हापासून शालूबाई घरात असून नसल्यासारख्या झाल्या होत्या. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तवा धुरकटेपर्यंत त्यांना कळायचं नाही. आठ दिवसांपूर्वी हे बुवा गावात उतरले, आणि पहिल्याच दिवशी शालूबाई गोदामातून धावत घरी आल्या.

"आशा, माही इंदी पाह्यली म्या! ढगावर बसली होती व. अंगानं भरली हाये. पंख फुटले तिले!"

वर्षानंतर ती बाई हसली होती. एका आईच्या तोंडावरचं हसू पुसायला जी हिंमत लागते, ती आशापाशी नव्हती. चार दिवस ती गप्प बसली. 'बघू दे बिचारीला, कुणाचं काय जातं,' असं तिनं मनाशी म्हटलं.

काय जातं ते पाचव्या दिवशी कळलं. शेजारच्या गावात देवी आल्या. दोन पोरं अंगभर फोड येऊन दगावली. जिल्हा परिषदेचा लस टोचणारा पुंजाजी पेटी घेऊन आला आणि चावडीत बसला. पण चावडी ओस आणि गोदाम भरलेलं. कारण बुवांनी सांगितलं होतं, ज्या लेकराच्या दंडाला सरकारी लोखंड लागलं, त्याच्या घरच्यांना वरचं दार बंद. देवीपासून राखायला घंगाळातलं तीर्थ पुरे आहे.

"जाऊबाई, रघूच्या देवी काढून घेऊ," आशानं आदल्या संध्याकाळी हात जोडले होते. "माझ्या नंदाच्याही काढल्यात. हे बघा, दंडावर वण. दोन दिवस ताप येतो, बस."

"अन् मंग इंदी मले दिसंल काय?" शालूबाईंनी शांतपणे विचारलं. "तू सांग. तुहं लेकरू शाबूत हाये, तुले बोलायले काय जाते?"

पुंजाजी आज दुपारच्या एस.टी.नं चिखलीला जाणार होता, तिथून दुसरबीडकडे. परत यायला महिना. म्हणजे जे काय व्हायचं ते दुपारच्या आत.

अशी ती रांगेत आली होती.

गोदामात शिरल्यावर आधी काहीच दिसेना. झरोक्यांवर गोणपाट ठोकले होते. सरकीचा जुना वास, उदबत्त्यांचा धूर, त्यात घामाची भर. वीसपंचवीस माणसं एका वेळी आत घेत आणि भिंतीकडे बसवत. मधोमध चौरंगावर मोठं तांब्याचं घंगाळ, आतून काजळीनं काळं केलेलं, पाण्यानं भरलेलं. वर, पुरुष दीड पुरुष उंचीवर, काळ्या कापडाची चौकोनी झूल लोंबत होती. आणि घंगाळापुढे एक पाट. पाटाभोवती रांगोळी, रांगोळीवर हळदकुंकू. एकेकानं त्या पाटावर उभं राहायचं आणि वाकून पाण्यात पाहायचं.

पलीकडे आकाशबुवा. निळी कफनी, गळ्यात स्फटिकांची माळ, पोट चांगलं पोसलेलं.

"रशियावाल्यानं माणूस आभाळात धाडला, ऐकलं ना? पेपरात आलं होतं. तो गडी पृथ्वीला गिरक्या घालून खाली आला अन् म्हणे, वर काहीच नाही! अरे, दिसंल कसं? पाट कुठं होता त्याच्यापाशी?" माणसं खुदखुदली. "करोडो रुपयांचा धूर काढला. आपल्याकडं ना तेल, ना कोळसा. एक पाट, एक घंगाळ. या माय, पायधूळ झाडा, पाटावर या. पाय रांगोळीबाहेर पडला तर वैकुंठ मिटते, मंग माह्या नावानं बोटं मोडू नका."

सोजराबाई पाटावर चढल्या, वाकल्या, आणि रडू लागल्या. "कसे साजरे लेकरं व... गोरे गोरे... देवाघरचे!"

मग शालूबाई. त्यांनी रघूला सासूकडे दिलं, पाटावर उभ्या राहिल्या आणि घंगाळावर इतक्या वाकल्या की केसांची बट पाण्याला टेकली. "इंदे," त्या हळूच म्हणाल्या. "जेवली काय व बाई?"

आशाला वाटलं, निघून जावं. खरंच जावं.

"तुम्ही, शिकल्यासवरल्या बाई," बुवा म्हणाले. "या. पाहा. अन् मंग बोला."

आशा नंदाला कडेवर घेऊनच पाटावर चढली आणि खाली पाहिलं.

पाण्यात आभाळ उघडलं होतं. चारी बाजूंनी खांब वर वर चढत गेले होते, त्यांच्यावर कमानी, कमानींवर ढग, आणि ढगांतून माणसं तरंगत उजेडाकडे निघालेली. वस्त्रं उडत होती. कडेकडेनं गुटगुटीत नागडी बाळं, पाठीला पंख. आशाच्या अंगावर काटा आला. पण भक्तीनं नाही. हे सगळं तिनं याआधी पाहिलं होतं. अस्संच, खाली मान घालून.

त्याच वेळी कडेवरच्या नंदानं मान वर केली.

आणि बी.ए. झालेल्या आशानं काय करावं? तिनं झटकन पोरीच्या डोळ्यांवर हात दाबला. विचार करायच्या आधीच हात गेला होता. डोळे गेले तर! पण नंदानं आईचा हात ओढून काढला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, वर बत्ती आहे. तिला किडे आलेत."

आशानं पोरीचे डोळे पाहिले. काळेभोर, जसेच्या तसे. आपल्याच हाताचा तिला इतका राग आला की बाकी सगळी भीती त्यात विरघळून गेली.

ती पुन्हा पाण्यात वाकली, आता नीट शोधत. उजव्या कोपऱ्यातल्या ढगावर काळा डाग होता. बोटभर. काजळाचा.

चार वर्षांपूर्वी पंजाबरावांना कापसाच्या बियाण्याच्या अभ्यासासाठी सहा महिने रोमला धाडलं होतं. शेवटच्या दोन महिन्यांत आशाच्या वडिलांनी तिला बोटीनं तिकडे पाठवलं. तेव्हा नंदा पोटात होती. एका रविवारी नवरा तिला एक जुनं चर्च दाखवायला घेऊन गेला, तीनशे वर्षांपूर्वीचं. बाहेरून नुसता दगडी डोंगर. आत पाय टाकला तर डोक्यावर छप्परच नाही असं वाटावं. भिंतीचे खांब थेट आभाळात गेलेले. मान वर करून करून तिला भोवळ आली, तेव्हा पंजाबराव म्हणाले, "तुझ्या करंड्यातला आरसा काढ, त्यात बघ." ती बाकावर बसली आणि कुंकवाच्या करंड्याच्या इवल्याशा आरशात तिनं तो सगळा स्वर्ग मान खाली घालून पाहिला.

मग मेणबत्त्या राखणारा एक म्हातारा आला. त्यानं खुणेनं तिला उठवलं, फरशीत बसवलेल्या एका पिवळ्या गोल दगडावर उभं केलं आणि वर बोट दाखवलं. खांब कसे सरळसोट! मग कोपराला धरून त्यानं तिला दहा पावलं बाजूला नेलं, पुन्हा बोट वर. सगळे खांब कलंडले होते. इमारत आता अंगावर येते की काय! म्हातारा पोट धरून हसला. हातानं रंग फासल्यासारखं करून त्यानं सांगितलं, रंगवलंय बाई, नुसतं रंगवलंय. पुढचा घुमटसुद्धा खरा नव्हता. सपाट छतावरचं चित्र.

आशानं त्या छताचं पंचाएवढं छापील चित्र विकत आणलं आणि सासरच्या ओसरीत लावलं. नंदानं काजळाचं बोट ढगावर उमटवलं तेव्हा ती दीड वर्षाची होती. मग सोजराबाईंनी एके दिवशी फर्मावलं, "हे नंगे लेकरं भिंतीवर कायले? येणारेजाणारे काय म्हणतीन?" आणि चित्र उतरलं. आशानं ते गेल्या दिवाळीत शाळेच्या 'देश-विदेश' प्रदर्शनाला देऊन टाकलं. तिथून ते रद्दीत गेलं असणार, आणि रद्दीतून कुणाच्या तरी चाणाक्ष हाती.

ज्या नागड्या पोरांना सासूबाईंनी भिंतीवरून हाकललं, त्यांच्याच पायाशी त्या आज नारळ ठेवत होत्या. एरवी आशाला हसू आलं असतं. आज नुसताच थकवा आला.

"बुवा," ती पाटावरूनच म्हणाली, "वैकुंठ केवढं मोठं असतं?"

"अनंत!" बुवांनी हात पसरले. "अंत नाही, पार नाही."

"मग हा पाट दोन हात सरकवू या. तिकडूनही दिसेलच ना?"

गोदामात कुजबुज झाली. बुवांचा हात माळेवर थांबला.

"मंतरलेली जागा आहे बाई. हलवत नसतात."

"जागा मंतरलेली आहे की वैकुंठ?"

"हे पाहा," बुवांचा आवाज चढला, "चंचल मनाला दिसत नसते! दोन इंग्रजी बुकं वाचली की—"

"मला दिसलं बुवा. चांगलं दिसलं. म्हणून तर विचारते." आशा पाटावरून उतरली, पायानंच पाट बाजूला सारला आणि भिंतीकडे बसलेल्या पुरुषांकडे वळली. शालूबाईंचे यजमान, थोरले दीर उकंडराव तिथे होते. "भाऊजी, तुम्ही उभे राहा इथे. खालीच बघा, वर नको."

उकंडराव कुरकुरत उठले. भावजयीचं ऐकावं की बुवाचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होतं. ते सरकवलेल्या पाटावर उभे राहिले, वाकले.

"काय दिसतं?"

"काई नाही. काळं फडकं दिसून राह्यलं."

"आणि जुन्या जागेवरून?"

ते रांगोळीत सरकले. "वैकुंठ." परत पाटावर गेले. "फडकं." पुन्हा आले. "वैकुंठ." तिसऱ्यांदा गेले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "उकंडभाऊ, एका जागी ठरा ना बे, देव गोंधळून जाईन!" आणि लोक हसले. पण तेवढंच. हसून पुन्हा घंगाळाकडे पाहू लागले.

"वर पाहा म्हणजे कळेल," आशा म्हणाली. "वर पेटी आहे, पेटीच्या तळाला चित्र चिकटवलंय, शेजारी गॅसबत्ती आहे. पाणी म्हणजे आरसा, दुसरं काही नाही. ते चित्र माझ्या घरचं आहे. रोमच्या चर्चचं छत आहे ते. आत्याबाई, तुम्हीच नाही का उतरवलं ओसरीतून?"

सोजराबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना आठवलं होतं; पण कबूल कसं करायचं?

"वर पाहून घ्या," आशा पुन्हा म्हणाली. "मी पाहते." आणि तिनं मान वर केली. कापडाच्या झुलीत उजेड होता, कागदाच्या घड्या होत्या, काजळाचं बोट होतं. "हे बघा. माझे डोळे आहेत. माझ्या पोरीचे आहेत."

"तू शिकेल हायेस बापा," कुणीतरी म्हणालं. "शिकेल माणसाचं अलग ऱ्हायते."

"अन् पोरगी लहान हाय. लेकराले पाप लागत नाई."

असं असतं. पुरावा समोर ठेवला की माणसं त्याच्याभोवतीनं वाट काढतात. वीसपंचवीस माणसं होती, धडधाकट, बैलाशी झुंजणारी. पण एकाची मान वर होईना. बुवा गालात हसले. "बोला, वैकुंठपती की..."

"थांबा जराशे," शालूबाई म्हणाल्या.

त्या पाटापाशी आल्या. चेहरा पांढरा पडलेला. "आशा, वर हाये काय इंदी?"

"जाऊबाई..." आशानं त्यांचा हात धरला. "वर चित्र आहे."

"तू चित्र म्हण. मले तं थे इंदी दिसते. आठ दिवस पाण्यात पाहून राह्यली मी. पाणी हाललं की तिचं तोंड फाटते. बुवा म्हणते, वर पाह्यलं तर डोळे जातीन." त्या थांबल्या. "डोळे घेऊन मी करू काय? जाऊ दे गेले तर. मले तिले एक डाव नीट पाहू दे."

"अहो माय, नका!" बुवा ओरडले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खरी भीती होती. कारभारी कापड ओढायला धावला. उकंडरावांनी त्याचं मनगट धरलं.

शालूबाईंनी मान वर केली.

किती वेळ पाहिलं कोण जाणे. वर गॅसबत्ती सूं करत होती. किडे काचेवर आपटून पडत होते. एक पंखवालं गोरं बाळ ढगावर रेलून भलतीकडेच बघत होतं. त्याच्या पोटावरून घडीची रेघ गेली होती.

"कागद हाये," शालूबाई म्हणाल्या. "अन् हे पोरगं हाय. पोरगी बी नाही."

एवढंच. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. सासूच्या मांडीवरचा रघू उचलला आणि बाहेरच्या उन्हात चालू लागल्या. त्यांनी पाहिलं आणि त्या आंधळ्या झाल्या नाहीत, हे लोकांना कळायला क्षण लागला. मग एकानं मान वर केली, मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. उकंडरावांनी कडब्याच्या गंजीची शिडी आणून पेटी खाली काढली. चिखलीच्या दुकानातलं खोकं, आतून चुना फासलेला. तळाला आशाचं चित्र, कणकेच्या खळीनं डकवलेलं. बुवा म्हणत राहिले की खरं वैकुंठ काल रात्रीच रागावून निघून गेलं, हे आजच्यापुरतं होतं. चार जणांनी तेही ऐकून घेतलं.

आशा थांबली नाही. नंदाला घेऊन ती चावडीकडे धावली. पुंजाजीनं लावलेली पेटीची कडी पुन्हा काढली होती.

शालूबाई त्याच्यापुढे बसल्या होत्या. रघूचा दंड उघडा करून धरला होता. पुंजाजीनं लसीचा थेंब ठेवला, दात असलेली लहानशी चकती त्यावर टेकवून गिरकी दिली. रघूनं भोकाड पसरलं.

"रड," शालूबाई म्हणाल्या. "जितं हायेस, रड."

मग आशाकडे न पाहता त्या म्हणाल्या, "काऊन दाखवलं व तू मले? आठ दिवस सुखाचे गेले होते माहे."

आशा शेजारी जमिनीवर टेकली. "चार दिवस मी गप्प बसले जाऊबाई," ती म्हणाली. "ते चुकलं माझं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

तोवर गोदामाकडून बायका पोरं घेऊन यायला लागल्या. सगळ्या नाही, निम्म्याशिम्म्या. सोजराबाई शेजारणीचा नातू पुढे ढकलत होत्या, "घे बापा, याले बी टोच." पुंजाजीची दुपारची एस.टी. त्याच्याशिवाय गेली. कडी त्यानं संध्याकाळीच लावली.

बुवा त्या रात्रीच नांदुऱ्याला जाऊन रेल्वेनं पुढे गेले म्हणतात. दुसऱ्या गावात दुसरा पाट मांडला असेल. चित्र नाही, तर आणखी काही. हे काही संपणारं काम नाही, आणि ते करताना माणूस थकतो. ज्याचा भ्रम उतरवायचा तो बहुतेक वेळा दुःखी असतो. आणि दुःखी माणसाशी वाद घालणं कुणाला आवडेल? पण त्याच्या कडेवर एखादं लेकरू असतं, हे विसरून चालत नाही. रोमच्या त्या म्हाताऱ्यानंही डोळ्यांना फसवलं होतं. पण त्यानं स्वतःच हात धरून बाजूला नेलं आणि फसवणूक दाखवली. कला आणि बुवाबाजी यांत फरक असला तर तेवढाच.

म्हणून मागणं फार नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा, पाट दोन हात सरकवू द्या. जे खरं आहे ते तिथूनही दिसेल. आणि वर पाहू नका असं कुणी बजावलं, तर आधी वरच पाहा. डोळे जात नाहीत. शालूबाईंचे गेले नाहीत. रघूच्या दंडावर वण धरला आहे, आणि त्याच्या कुंचीसाठी त्या रोज दुपारी ओसरीत बसून पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवतात.